सारथी नसलेला रथ

घडलेल्या गोष्टीचा कर्ता कोण, हे विचारल्यावाचून मनुष्याला चैन पडत नाही. घरात दुधाचे भांडे लवंडले तरी पहिला प्रश्न ‘कोणी लवंडले?’ असाच येतो. आणि विचार करीत करीत ब्रह्मांडाच्या उत्पत्तीपर्यंत गेलो तरी प्रश्नाचे रूप बदलत नाही. कठोपनिषदात यमाने नचिकेत्यास जे रथाचे रूपक सांगितले आहे, त्याचे सामर्थ्य याच सवयीत आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी, आणि आत रथाचा स्वामी म्हणून बसलेला आत्मा. घोडे उधळले तर बोल कोणाला लावावयाचा, हे ऐकणारास निराळे सांगावे लागत नाही. पुढे काही शतकांनी मिलिंद राजासमोर नागसेन भिक्षूने दुसराच एक रथ उभा केला. आपण ज्या रथातून आलात तो रथ म्हणजे नेमके काय, असे त्याने राजास विचारले. आस म्हणजे रथ काय? चाके? जू? राजास प्रत्येक वेळी नकार द्यावा लागला, आणि ‘रथ’ हे या सर्वांच्या जुळणीला दिलेले नाव आहे, एवढेच कबूल करणे त्याच्या हाती उरले. एका परंपरेने रथात सारथी पाहिला. दुसरीने रथच शोधला आणि तोही तिला सापडला नाही.

हा वाद पोथ्यांतच राहिला असता तर येथे उकरून काढण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांच्या हाती असा एक जिवंत रथ लागला आहे की, ज्याचे बहुतेक सुटे भाग मोजून झाले आहेत, ते कोठे बसविलेले आहेत हे पाहून झाले आहे, आणि ज्यात सारथ्याची जागा रिकामी आहे, नव्हे, तशी जागाच नाही. तरीही तो वाट काढीत चालतो. गोडाकडे जातो, विषापासून दूर होतो. हा रथ म्हणजे जंतू. जंतू म्हटला की मुंबईच्या आसपासच्या जुन्या घराण्यांना १८९६ चा प्लेग आठवतो, परळची हाफकिन संस्था आठवते, आणि एकंदरीत हा शत्रुपक्ष आहे अशी आपली समजूत असते. येथे त्याच्याकडे शत्रू म्हणून पाहावयाचे नाही; एक साक्षीदार म्हणून पाहावयाचे आहे.

मीरा रोड, भाईंदर आणि खाडीपलीकडील नायगाव या टापूत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आले आहे. पावसाळा सरल्यावर उधाणाचे पाणी बांधांतून आत घ्यावयाचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत उन्हाने आटवावयाचे, आणि समुद्राच्या पाण्यातील साडेतीन टक्के क्षार पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेले म्हणजे तळाशी खडा धरू लागतो. जगात जेथे जेथे असे उन्हाने मीठ पिकविले जाते, तेथे शेवटच्या वाफ्यांतील दाट पाण्यावर हंगामाच्या उतरत्या काळात तांबूस छटा चढलेली आढळते. ही छटा मिठाची नव्हे. ज्या खारटपणात दुसरा जीव तग धरीत नाही, त्यातच सुखाने राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची ती आहे. त्यांतील हॅलोबॅक्टेरियम नावाचा जीव गोड्या पाण्यात टाकला तर फुटून नाहीसा होतो. नावात ‘बॅक्टेरियम’ असले तरी १९७७ साली वोज आणि फॉक्स यांनी अशा जीवांचे कुळच निराळे असल्याचे दाखविले. तथापि पोहण्याची दिशा ठरविण्याची त्याची यंत्रणा खऱ्या जंतूंच्या यंत्रणेची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. त्याला नारिंगी प्रकाश मानवतो, निळा मानवत नाही. प्रकाश टिपणारे त्याचे द्रव्य आपल्या डोळ्यातील द्रव्याशी नाते सांगते. म्हणजे लोकलगाडीतून आपण त्या वाफ्यांकडे पाहत असतो, तेव्हा वाफ्यातूनही एका परीने उजेडाचे पाहणे चालू असते. मात्र त्या पाहण्यामागे पाहणारा कोणी आहे काय?

या प्रश्नाचा अभ्यास सर्वांत अधिक झाला आहे तो मात्र मिठागरातील जीवावर नव्हे, तर आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूवर. त्याची लांबी दोन मायक्रॉन. पाचशे जंतू टोकाला टोक लावून ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. अंगावर चार-सहा शेपट्या. प्रत्येक शेपटीच्या मुळाशी एक चक्र असते आणि ते सेकंदाला शंभरावर फेरे घेते. चक्रे डावीकडे फिरली म्हणजे शेपट्यांची एक वेणी होते आणि जंतू सरळ पुढे जातो. एखादे उजवीकडे फिरले की वेणी सुटते, जंतू जागच्या जागी गडबडतो, आणि पुन्हा वेणी जुळली म्हणजे भलत्याच दिशेला तोंड करून निघतो. सुमारे एक सेकंद सरळ चाल, मग सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढी गडबड, मग पुन्हा चाल. त्याला सुकाणू नाही. उजवीकडे वळावे म्हणून वळणे त्याला साधत नाही. त्याच्या हाती एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे गडबड लवकर करावयाची की उशिरा. चांगल्या दिशेने चाललेलो असू तर चाल थोडी लांबवावयाची, एवढ्या एका युक्तीवर तो साखरेच्या कणापर्यंत पोहोचतो.

पण दिशा चांगली आहे हे त्याला कळते कसे? इतक्या लहान देहाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी असलेल्या गोडीतील फरक नगण्य असतो. १९७२ साली मॅकनॅब आणि कोशलँड यांनी जंतूंच्या पाण्यात आवडते द्रव्य एकदम आणि सर्वत्र सारखे मिसळून पाहिले. कोणत्याही दिशेला कमी-अधिक असे काही उरले नव्हते. तरी जंतू काही काळ गडबड विसरून सरळ पोहत राहिले. अर्थ उघड होता. जंतू ‘येथे’ आणि ‘तेथे’ यांची तुलना करीत नाही. ‘आता’ आणि ‘मघाशी’ यांची करतो. ज्यास मघाशीची आठवण आहे त्यास स्मृती आहे असे म्हणावे लागते, मग ती काही सेकंदांची का असेना. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, आणि स्मृती मात्र आहे. ती ठेवली आहे कोठे?

येथे जागेचा प्रश्न येतो. जंतूची पेशी म्हणजे रसायनांनी भरलेली एक पिशवी, आत सर्व प्रथिने जशी पडतील तशी, अशी समजूत फार काळ होती. सूक्ष्मदर्शकाला आत काही दिसत नसे, म्हणून आत काही रचना नाही असे धरले गेले. न दिसणे आणि नसणे यांची गल्लत केवळ अध्यात्मातच होते असे नाही. १९९३ साली मॅडॉक आणि शपिरो यांनी ई. कोलायच्या संवेदक प्रथिनांस सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवून ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बाहेरची चव घेणारी ही प्रथिने पेशीच्या पडद्यावर सर्वत्र विखुरलेली असतील अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. ती बहुतेक सर्व टोकाशी गोळा झालेली आढळली. पिशवीत घर निघाले, आणि घराला एक ठरलेली ओटी निघाली.

पुढील पंधरा-वीस वर्षांत त्या ओटीवर बसलेल्या मंडळींची मांडणीही स्पष्ट झाली. पेशी क्षणार्धात गोठवून, बर्फातल्या बर्फात तिची निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेतली तेव्हा दिसले की, संवेदक दोन-दोन जुळलेले असतात. अशा तीन जोड्यांची एक मोळी. आणि या मोळ्यांची मधाच्या पोळ्यासारखी षट्‌कोनी जाळी, जिच्या घरांतील अंतर १२ नॅनोमीटर. आजवर पाहिलेल्या नाना जातींच्या जंतूंत, आणि निराळ्या कुळातील त्या मिठागरवासीयांच्या भाऊबंदांतही, ही जाळी सारख्याच मापाची निघाली आहे. संवेदकाचे एक टोक पडद्याबाहेर चव घेते; दुसरे आत लोंबते आणि तेथे दोन प्रथिने त्याला जाळीत घट्ट बांधतात. त्यांपैकी चे-ए नावाचे प्रथिन हे या सभेचे मुख. काही आवडते हाती लागत नसेल तर ते चे-वाय नावाच्या एका लहान निरोप्याच्या अंगावर फॉस्फेटाची खूण चढवीत राहते. खूण मिळालेला निरोप्या भटकत भटकत शेपटीच्या चक्रापाशी पोहोचतो आणि चक्र उलटे फिरते. आवडते हाती लागले की सभा गप्प बसते, निरोप थांबतात, आणि चाल लांबते. जुने निरोप उगाच फिरत राहू नयेत म्हणून ती खूण पुसणारे प्रथिनही वेगळे ठेवलेले आहे. ही सोय पाहिली की आपल्या कचेऱ्यांतील फायलींची आठवण होऊन थोडे वाईट वाटते.

आता एकत्र बसण्याचे प्रयोजन काय? हजारो संवेदक वेगवेगळे बसूनही चव घेऊ शकले असते. याचे उत्तर २००२ साली सूर्जिक आणि बर्ग यांच्या मोजमापाने हाती आले. बाहेरच्या द्रव्याने व्यापलेल्या संवेदकांच्या प्रमाणात जेवढा फरक पडावा, त्याच्या सुमारे ३५ पट फरक सभेच्या मुखातून निघणाऱ्या निरोपांत पडतो. शंभरांपैकी एखाद्याला चव लागली तरी शेजारी हलतात आणि कुजबुज गलबला होते. जाळीतील सांधे बिघडविले असता ही तीक्ष्णता नाहीशी होते, हेही पुढील प्रयोगांनी दाखविले. कोणत्याही एका संवेदकाला ती अंदाज नसते, जुळणीला असते. नागसेनाने ऐकले असते तर त्याला आश्चर्य वाटले नसते.

तीक्ष्णतेपेक्षाही मला जास्त विचार करावयास लावतो तो या सभेचा विसराळूपणा. आवडते द्रव्य सारखे भरपूर मिळत राहिले तर थोड्याच वेळात संवेदकांच्या आतील भागावर मिथिल नावाच्या लहान गटांची टाचणी होते आणि सभा पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागते. द्रव्य कमी झाले की टाचण्या निघतात. गट चढविणारे प्रथिन एका संवेदकाच्या शेपटाला धरून राहते आणि शेजारच्या पाच-सातांपर्यंत हात पोहोचवून त्यांचीही दुरुस्ती करते. हीच ती मघाशीची आठवण. ती कोणत्याही कपाटात ठेवलेली नसून संवेदकांच्या अंगावरच लिहिलेली आहे, आणि शेजाऱ्यांनी एकमेकांच्या अंगावर लिहिलेली आहे. तिचा परिणाम असा की, जंतूला भरपूर साखरेत आणि थोड्या साखरेत सारखेच वाटते; वाटते ते फक्त वाढणे आणि घटणे. सुखाचे प्रमाण त्याला कळत नाही, सुखातील फरक कळतो. या वर्णनात कोणाला आपल्या ओळखीचे कोणी भेटले तर त्याला माझा इलाज नाही.

मग ही मंडळी टोकाशी आणून बसविली कोणी? ई. कोलायमध्ये उत्तर बहुधा असे की, कोणीच नाही. नवा संवेदक पडद्यात कोठेही शिरतो, वाहत फिरतो, आणि वाटेत एखादा समूह भेटला तर त्यास चिकटतो. न भेटला तर दूर कोठे दोघा-चौघांचा नवा समूह धरतो. पेशी दुभंगते तेव्हा मध्यावर नवी टोके तयार होतात आणि पूर्वीची टोके जुनी होत जातात. जुन्या टोकाशी जमलेला समूह पिढ्यान्‌पिढ्या मोठा होतो. टोकाच्या वक्रतेचा व पडद्याच्या घडणीचाही थोडा हातभार असावा. २००८-०९ च्या सुमारास समूहांच्या जागा मोजणाऱ्या प्रयोगांनी या स्वयंघटनेच्या बाजूने साक्ष दिली. याउलट पटकीच्या जंतूत जागेचा बंदोबस्त असतो. टोकाशी एक खुंटी म्हणावी असे प्रथिन आणि तिला धरून संवेदकांस जागेवर आणणारी प्रथिने त्याच्यात आहेत, त्यामुळे दुभंगताना दोन्ही लेकींच्या वाट्याला समूह येतो. ती प्रथिने काढून टाकली तर वाटणी बिघडते. म्हणजे एकाच जातीची सभा एका घरी येणाऱ्याजाणाऱ्यांतून जमते, तर दुसऱ्या घरी तिला मांडलेले पाट असतात. पण मांडणारी प्रथिनेही प्रथिनेच. त्यांना मांडणारा कोण म्हणून मागे मागे गेलो तरी सारथी कोठेच भेटत नाही.

येथवरचा पुरावा चार्वाकाच्या पथ्यावर पडणारा आहे, हे मान्य केले पाहिजे. सुट्या द्रव्यांत नसलेली मादकता त्यांच्या मिश्रणाच्या आंबण्याने येते, तसे जडाच्या मिश्रणातून चैतन्य येते, असा त्याचा दाखला होता. आंबविण्याचे ते काम सूक्ष्म जीवच करीत होते, ही गंमत बिचाऱ्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. नाही तर त्याने दाखला बदलला असता. मात्र जंतूला चैतन्य आहे असे मी म्हणत नाही. ‘कळते’, ‘आवडते’, ‘आठवते’ हे शब्द मी वर सैल हाताने वापरले, ते मराठीत दुसरे सोयीचे नाहीत म्हणून. नियमबद्ध, उपयुक्त आणि प्रसंगानुरूप वागणूक घडण्यासाठी आत नियंता असलाच पाहिजे, हा आपला जुना युक्तिवाद मात्र या जंतूने मोडला आहे, आणि तो मोडलेलाच धरून पुढे जावे हे बरे. श्रद्धाळू मनाला यात भिण्यासारखे काही मला दिसत नाही. जो परमेश्वर केवळ पोह्याच्या कणापेक्षा लहान अशा जंतूला वळविण्यासाठी लागतो म्हणून मानला, त्याची प्रतिष्ठा ती किती!

भिण्यासारख्या गोष्टी दुसऱ्या दोन आहेत, आणि दोन्ही आपल्याकडच्या आहेत.

पहिली अशी. प्रत्येक प्रथिनाची जागा ठरलेली, प्रत्येकाचे काम ठरलेले, आणि त्यातूनच पेशीचे कल्याण, हे चित्र पाहून एखाद्याच्या तोंडून ‘समाजाचेही असेच असावे’ असे वाक्य सहज निघून जाते. आपल्या देशात हे वाक्य निरुपद्रवी नाही. पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मुखापासून पायांपर्यंत चार वर्णांच्या जागा सांगितल्या, आणि त्या जागांवर नंतरच्यांनी शतकानुशतके माणसे खिळवून ठेवली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहिले, तेव्हा त्यांनी नेमके या उपमेच्या मर्मावर बोट ठेवले होते. आता जीवशास्त्राचा आधार देऊन तीच उपमा नव्या कपड्यांत फिरू लागली तर नवल नाही. तिला उत्तर देण्यासाठी ई. कोलायचा आधार घेण्याचा मोह होतो. त्याच्या घरी जन्माने जागा ठरत नाही, फिरता फिरता ठरते, असे म्हणता येईल. पण हे उत्तर कच्चे आहे. पटकीच्या जंतूच्या घरी पाट मांडलेले असतात, मग तेथे काय म्हणावयाचे? खरे उत्तर निराळे आहे. संवेदकाला टोकाशी बसल्याचे दुःख नाही, की मध्ये राहावयास न मिळाल्याची खंत नाही. भाईंदरच्या मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढणाऱ्या माणसाचे पाय मिठाने चिरतात, आणि ते चिरलेले पाय त्याचे असतात. आगरावरून ज्यांना आगरी हे नाव पडले त्यांच्या मुलाने आगरात न जाता शाळेत जावे की नाही, हे मिठाच्या उत्पादनाचा हिशेब मांडून ठरत नाही. ज्या जुळणीतील प्रत्येक भागाला स्वतःचे सुखदुःख आहे, तिला पेशीची उपमा देणे म्हणजे त्या सुखदुःखावर आधीच पडदा टाकणे होय. आणखी एक गोष्ट या उपमावाल्यांनी ध्यानात घ्यावी. १९७६ साली स्पूडिच आणि कोशलँड यांनी दाखविले की, एकाच वाणाच्या, एकाच पाण्यात वाढलेल्या जंतूंतही प्रत्येकाची पोहण्याची तऱ्हा निराळी असते आणि ती दीर्घकाळ टिकते. वाण एक, पाणी एक, आणि स्वभाव वेगळे. जंतूंतही ‘यांची जातच अशी’ म्हणून भागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि सुशिक्षितांना ती अधिक जवळची आहे. निर्णय जुळणीतून होतो, कोणी एक घेत नाही, हे कळल्यावर ‘मग दोष कोणाचाच नाही’ या निष्कर्षावर उतरणे फार सोयीचे असते. भाईंदरला १९८५ साली नगरपरिषद आली. २००२ साली मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत येथील वस्ती आठ लाखांवर गेली. हे एवढे शहर अमुक एका पुरुषाने बसून ठरविले असे नाही. कोणी वडिलार्जित जमीन विकली कारण मुलीचे लग्न होते. कोणी भराव घातला कारण कंत्राट मिळाले. कोणी परवानगीवर सही केली कारण कागद पुरे होते. आणि मुंबईत जागा परवडेना म्हणून कर्ज काढून, लोकलगाडीला लोंबकळत, आपल्यासारख्यांनी तेथे दोन खोल्या घेतल्या. प्रत्येकाने आपल्यापुरती चव घेतली, शेजारी हलला म्हणून हललो, आणि खाजणातील उधाणाच्या पाण्याची जागा आकसत गेली. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या आसपासच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा घरोघर प्रश्न उठला तो ‘हे कोणी केले?’ हाच. उत्तर मिळाले नाही. ज्याला विचारावे तो आपला एक निरोप दाखवी.

म्हणून कर्ता नव्हताच असे ठरते काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळे व्यापार आणि पाचवे दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा तेथे अज्ञ ठरविला आहे. हा श्लोक बहुधा अहंकार उतरविण्यासाठी सांगितला जातो आणि तो उपयोग योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू कोणी फारशी पाहत नाही. पाचांत कर्ता एक आहे. तो पाचांतून वगळलेला नाही. आणि पहिल्या स्थानी आहे ते अधिष्ठान, म्हणजे जागा, मांडणी. जंतूच्या टोकाशी असलेल्या जाळीने नवे काही सांगितले असेल तर ते या शब्दाचे वजन. तीच प्रथिने विखरून ठेवा, ती आंधळी होतात. जुळवून ठेवा, ती पाहू लागतात. मांडणी हेच कृत्याचे निम्मे कारण असेल, तर मांडणी बदलणे किंवा तशीच ठेवणे हेही कृत्यच ठरते, आणि ते करणारा कोणी असतो.

जंतू हे करू शकत नाही. १९६९ साली ॲडलर यांनी साखर पचविण्याची शक्ती नष्ट झालेले जंतू घेतले. ज्या गॅलॅक्टोजचा त्यांना आता काडीइतका उपयोग नव्हता, त्याच्या नळीच्या तोंडाशी ते पूर्वीप्रमाणेच गर्दी करून राहिले. पचविण्यास मुळीच न येणारे, परंतु चवीला तसेच लागणारे दुसरे द्रव्य ठेवले तरी जंतू आलेच. पोषण ही एक गोष्ट आणि ओढ ही दुसरी, हे त्या साध्या काचनळीने दाखविले. यमाने नचिकेत्यास याच उपनिषदात श्रेय आणि प्रेय अशी दोन नावे दिली आहेत. जंतूच्या ओटीवर श्रेयाला पाट नाही. तेथील सभा स्वतःच्या मांडणीकडे वळून पाहत नाही. ती मांडणी पाहण्यासाठी पेशी बर्फात गोठवून इलेक्ट्रॉनांनी तिची चित्रे घ्यावी लागली, आणि ती घेतली माणसांनी.

शहराची मांडणी पाहण्यास इतके सायास पडत नाहीत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, नकाशे लोकांना पाहण्यासाठी ठेवावे लागतात, आणि ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकाकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्कावरील आघात आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले, ते प्रकरणही काही लोक जाऊन उभे राहिले म्हणूनच न्यायालयापुढे आले. नकाशात खाजण कोठे, नाला कोठे, मिठागराची हद्द कोठे, आणि आपली इमारत त्यांपैकी कशावर उभी आहे, हे रंगांनी दाखविलेले असते. नकाशा दालनातील भिंतीवर महिनाभर टांगलेला असतो. तो पाहावयास येणारांत जमिनीचे व्यवहार करणारी मंडळी असतात, काही वास्तुविशारद असतात, एखादा निवृत्त शिक्षक असतो. उरलेले आपण त्या महिन्यात रोज सकाळी त्याच कार्यालयावरून स्टेशनकडे जात असतो.